घरचा पियानो आणि त्याची निगा



आज मी ज्या विषयावर बोलणार आहें, तो फार थोड्या घरांचा आहे असें आपणांस प्रथमदर्शनीं वाटेल. तंबोरा, पेटी किंवा तबला यांच्याप्रमाणें पियानो हें वाद्य आपल्याकडे घरोघर रुळलेलें नाहीं. तथापि मुंबईच्या पारशी व ख्रिस्ती कुटुंबांत आणि गोव्यांतील कित्येक जुन्या घरांत तें पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलें आहे. आणि मुलांना पाश्चात्य संगीत शिकवावें या हौसेनें मराठी घरांतूनही तें आतां दिसूं लागलें आहे. वाद्य घरांत येतें तें मोठ्या समारंभानें. चार-सहा हमाल लागतात, जिन्यावर आरडाओरड होते, शेजारीपाजारी पाहावयास जमतात. पुढें मात्र वर्षानुवर्षें त्याच्या अंतरंगाची कोणी विचारपूस करीत नाहीं. त्याच्यावर भरतकामाचा रुमाल येतो, रुमालावर फुलदाणी येते, फुलदाणीशेजारीं लग्नांतला फोटो येतो. आणि वाद्याचें हळूहळू कपाट होतें.

असें होऊं नये म्हणून गृहस्थानें काय करावें, आणि कोणतें काम स्वतः न करतां जाणत्या कारागिराच्या हातीं सोंपवावें, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे. मी संगीतशास्त्राचा पंडित नव्हे. मॅट्रिक होऊन जन्मभर शाळामास्तरकी केलेला माणूस आहें. परंतु ज्या शाळेंत मीं आयुष्य घालविलें, तेथील सभागृहांत प्रार्थनेसाठीं एक उभा पियानो होता व त्याची देखरेख वीस वर्षें माझ्याकडे होती. दर सहा महिन्यांनीं एक वयोवृद्ध गोवेकर कारागीर तो लावावयास येत असत. मी शेजारीं बसून शंका विचारीत असें आणि ते काम करतां करतां उत्तरें देत. आज जें सांगणार आहें, त्यांतील पुष्कळसें त्या बैठकींतलें आहे.

प्रथम या वाद्याच्या पोटांत काय असतें तें पाहूं. सन १७०० च्या सुमारास इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी नांवाच्या कारागिरानें, तार छेडण्याऐवजीं ती हातोडीनें ठोकण्याची युक्ति काढली. बोट हलकें पडलें तर नाद मंद, जोरानें पडलें तर नाद मोठा. या गुणावरूनच वाद्याला नांव मिळालें. क्रिस्तोफोरीच्या हातचे तीन पियानो अद्यापि शिल्लक आहेत. ते १७२० ते १७२६ या काळांतले असून न्यूयॉर्क, रोम आणि लाइप्झिग येथील संग्रहालयांत जपून ठेविले आहेत.

आजच्या पियानोस बोटांनीं दाबावयाच्या ८८ पट्ट्या असतात. ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. तारा मात्र याहून पुष्कळच अधिक. अगदीं खर्जांतील स्वरांस एकेक जाड तार असते, तिच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते. त्यांच्या वरच्या स्वरांस दोन दोन, आणि मधल्या व टिपेच्या सर्व स्वरांस तीन तीन तारा असतात. एकंदर तारांची संख्या अशा रीतीनें २२० ते २३० च्या घरांत जाते. प्रत्येक तारेवर सुमारें ७०-८० किलो वजन टांगावें इतकी ओढ असते. सर्व तारांची ओढ एकत्र केली, तर ती १५ ते २० टन भरते. म्हणजे मालानें भरलेली मोटारलॉरी आपल्या दिवाणखान्यांत टांगून ठेवावी, तसा हा प्रकार आहे. एवढा भार नुसत्या लांकडाला पेलवेना, म्हणून बोस्टनच्या आल्फियस बॅबकॉक यानें १८२५ सालीं अखंड ओतीव लोखंडी चौकटीचें पेटंट घेतलें, व पुढें तीच पद्धत सर्वत्र रूढ झाली.

परंतु ओढ सहन करतें तें लोखंड; गातें तें लांकूड. तंबोऱ्याच्या भोपळ्यावरील तबलीचें जें काम, तेंच काम पियानोंत तारांच्या मागें असलेली मोठी पातळ फळी करीत असते. ती जेमतेम एक सेंटिमीटर जाडीची असून तिला किंचित् फुगवटा दिलेला असतो. तारेचा कंप घोडीवरून या फळींत उतरतो आणि फळी तो खोलीभर पसरविते. शिवाय तारा ज्या खुंट्यांना गुंडाळलेल्या असतात, त्या खुंट्या चिवट लांकडाच्या ठोकळ्यांत केवळ घर्षणानें घट्ट बसलेल्या असतात. त्यांना ना पेंच, ना कुलूप. हें एकदां ध्यानांत आलें, म्हणजे पुढील सर्व गोष्टींचा उलगडा आपोआप होतो.

पियानो वाजविला नाहीं तर तो बिघडणार नाहीं, असा पुष्कळांचा समज असतो. हा समज चुकीचा आहे. वाजविण्यानें तारा थोड्या उतरतात हें खरें. परंतु पियानोस बेसूर करणारी मुख्य शक्ति म्हणजे हवेंतील ओलावा. पावसाळ्यांत ती पातळ फळी ओलावा पिऊन फुगते, तिचा फुगवटा वाढतो, ती तारांना वर रेटते व तारा ताणल्या जाऊन सूर चढतो. कोरडी हवा आली म्हणजे फळी आकसते आणि सूर उतरतो. मुंबईस जुलै महिन्यांत हवेंतील आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांच्या वर असते. पुण्यास मार्च-एप्रिलच्या दुपारीं ती ३० टक्क्यांच्याही खालीं उतरते. पियानोस मानवणारें प्रमाण मात्र सामान्यतः ४० ते ५० टक्के. म्हणजे आपल्या प्रांतांतील पियानो कोणी हात लावो वा न लावो, दरवर्षीं एकदां चढतो आणि एकदां उतरतो. त्यांतही सर्व तारा सारख्या प्रमाणांत हलत नाहींत. मधले स्वर अधिक सरकतात, इतर कमी. म्हणून वाद्य नुसतें वरखालीं होत नाहीं, तर आपल्याआपल्यांतच त्याचें बिनसतें.

आतां पियानो लावणें म्हणजे काय, तें पाहूं. आपल्याकडे तंबोरा लावतांना ज्यानें लक्षपूर्वक ऐकलें असेल, त्याला हें समजणें कठीण नाहीं. जोडाच्या दोन तारा जवळ जवळ मिळाल्या, पण पुरत्या मिळाल्या नाहींत, म्हणजे नादांत एक हेलकावा ऐकूं येतो. आवाज वाढतो, कमी होतो, पुन्हां वाढतो. तारा जसजशा जवळ येतील तसतसा हेलकावा संथ होत जातो, आणि त्या एकजीव झाल्या कीं तो नाहींसा होतो. पियानो लावणाऱ्याचा सर्व व्यवहार या हेलकाव्यांवर चालतो. एका स्वराच्या तीन तारांपैकीं दोन तो फेल्टच्या पट्टीनें किंवा रबराच्या पाचरीनें मुक्या करतो, एक लावतो, मग दुसरी तिच्याशीं मिळवितो, मग तिसरी. हें झालें सोपें अंग.

अवघड अंग पुढें आहे, आणि तेथें तंबोऱ्याचा अनुभव उपयोगीं पडत नाहीं. पंचमाचे कंप षड्जाच्या दीडपट असतात, हें आपण जाणतां. एका स्वरापासून त्याचा पंचम घ्यावा, त्या पंचमाचा पुन्हां पंचम घ्यावा, असें बारा वेळां चढत गेलें, म्हणजे बाराही स्वर फिरून आपण मूळ स्वराच्या सात सप्तकें वर पोंचावयास पाहिजे. पण गणित तसें म्हणत नाहीं. एकाला सात वेळां दुप्पट केलें तर १२८ येतात. एकाला बारा वेळां दीडपट केलें तर येतात जवळ जवळ १२९.७५. हा पावणेदोनाचा फरक कोणाच्याही चुकीनें आलेला नाहीं. तो निसर्गांतच आहे. गवयाला त्याची अडचण पडत नाहीं, कारण तो एक षड्ज धरतो व सर्व स्वर त्याच्याशीं जुळवितो. पियानोवर मात्र बारांपैकीं कोणताही स्वर केव्हांही षड्ज व्हावयाचा असतो. म्हणून तो पावणेदोनाचा फरक बाराही पंचमांत सारखा वांटून द्यावा लागतो. प्रत्येक पंचम लेशमात्र उतरा ठेवावयाचा, आणि त्यामुळें प्रत्येक गांधार बराच चढा होतो. आपल्याकडे पेटीविरुद्ध जो जुना आक्षेप आहे, त्याचें एक मूळ येथेंच आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० सालीं बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलें. आणि १९४० सालीं नभोवाणीवरून पेटी बंद झाली, तो निर्बंध १९७१ मध्यें शिथिल झाला. त्या वादांत आज मी शिरत नाहीं. मला इतकेंच दाखवावयाचें आहे, कीं पियानो लावणारा माणूस स्वर शुद्ध करीत नसून, अशुद्धता न्यायानें वांटून देत असतो.

ही वांटणी तो हेलकावे मोजून करतो. पाश्चात्य पद्धतींत ए या स्वराचे दर सेकंदास ४४० कंप धरतात. हें प्रमाण १९३९ सालीं लंडन येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेनें ठरविलें. नादकाट्यावरून तो स्वर घेतला, कीं मधल्या सप्तकांत बारा स्वरांची मांडणी सुरू होते. खालच्या ए पासून ई पर्यंतच्या पंचमांत चार सेकंदांत सुमारें तीन हेलकावे यावयास पाहिजेत. खालच्या एफ पासून ए पर्यंतच्या गांधारांत दर सेकंदास जवळ जवळ सात. पांच आले तर चूक, नऊ आले तरी चूक. मनगट किंचित् वळवून त्या खुंटीला इतकी सूक्ष्म गति द्यावयाची, आणि ती तेथेंच स्थिर राहील अशी बसवावयाची. शंभर शंभर वेळां, दीड-दोन तास. हें काम कानाचें आहे, डोळ्यांचें नव्हे, याचा पुरावा इतिहासांत आहे. पॅरिसच्या अंधशाळेंतील क्लोद मोंताल नांवाचा अंध विद्यार्थी स्वतःच्या उद्योगानें हें तंत्र शिकला, त्यांत नांवाजला, आणि १८३६ सालीं आपला पियानो आपण कसा लावावा यावर त्यानें ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढें अंधशाळांतून हा धंदा रीतसर शिकविला जाऊं लागला, व कित्येक अंधांना त्यानें स्वावलंबी केलें.

कोणी म्हणेल, हल्लीं फोनमध्यें स्वर मोजण्याची सोय आहे. मग कारागीर कशास पाहिजे? हीं साधनें उपयुक्त आहेत, आणि चांगले कारागीरही तीं वापरतात. परंतु एक गोष्ट लक्षांत ठेवावी. पियानोची तार जाड व ताठ असल्यामुळें तिच्या मूळ स्वराबरोबर निघणारे वरचे सूक्ष्म नाद गणितानें असावयाचे त्यापेक्षां थोडे चढे असतात. म्हणून कानाला गोड लागावें यासाठीं वरचीं सप्तकें किंचित् चढीं आणि खालचीं किंचित् उतरीं लावावीं लागतात. ओ. एल. रेल्सबॅक यांनीं १९३८ सालीं हा कल मोजून मांडला. तो प्रत्येक पियानोगणिक निराळा असतो. लहान पियानोंत अधिक, मोठ्यांत कमी. शिवाय यंत्र स्वर दाखवील, पण खुंटी बसवील कोण? नवशिक्यानें वळविलेली खुंटी दोन दिवसांत मागें सरकते, आणि जोरानें वांकविलेली खुंटी त्या ठोकळ्याचें भोंक कायमचें सैल करते.

आतां आपण विचाराल, थोडा बेसूर असला पियानो, तर बिघडलें काय? घरांत कांहीं मैफल व्हावयाची नाहीं. मुलें शिकताहेत, एवढेंच. माझें म्हणणें नेमकें येथेंच आहे. मुलें शिकत आहेत, म्हणूनच तो बेसूर असतां कामा नये. मुरलेल्या वादकाच्या कानांत खरा स्वर ठसलेला असतो. वाद्य चुकलें तर तो ओळखतो. मुलाच्या कानांत अजून कांहींच ठसलेलें नसतें. घरांतल्या पियानोवर जें ऐकूं येतें तोच त्याचा खरा स्वर. अक्षर वळविणाऱ्या मुलापुढें वेडावांकडा कित्ता ठेवावा आणि मग अक्षर चांगलें नाहीं म्हणून त्याला रागवावें, तसें हें आहे.

या बाबतींतलें एक उदाहरण सांगतों. आमच्या शाळेंत एक मुलगी होती. ती घरीं पियानो शिकत असे. शाळेंत प्रार्थनेच्या वेळीं ती सुरुवातीस अडखळे, मग सांवरून घेई. घरीं शिकविणाऱ्या बाईंनीं निरोप पाठविला, कीं हिला स्वराचें ज्ञान नाहीं. वडिलांनीं शिकवणी बंद करण्याचें ठरविलें. मुलगी मात्र मला म्हणे, "गुरुजी, शाळेंतला पियानो आमच्या पियानोसारखा बोलत नाहीं." मीं तिच्या वडिलांना विनंति केली, कीं निर्णय घेण्यापूर्वीं एकदां आमच्या कारागिरांना घरीं नेऊन दाखवा. त्यांनीं जाऊन पाहिलें. अकरा वर्षांत त्या पियानोस कोणाचा हात लागला नव्हता. तो जवळ जवळ अर्ध्या स्वरानें उतरला होता, व मधल्या सप्तकांतील एकाही स्वराच्या तिन्ही तारा एकमेकींशीं बोलत नव्हत्या. कारागीर हंसून म्हणाले, "मास्तर, या मुलीचा कान चांगला आहे म्हणूनच ती अडखळते. वाईट असता तर तिला फरक कळलाच नसता." तीन खेपांनीं पियानो ताळ्यावर आला व शिकवणी चालू राहिली. असें निदान प्रत्येक घरीं होत नाहीं. पियानो तसाच राहतो, आणि मुलाला गळा नाहीं, कान नाहीं, गति नाहीं असा शिक्का बसतो. तो शिक्का मूल जन्मभर बाळगतें.

म्हणून आतां व्यवहाराच्या गोष्टी सांगतों. पियानो वर्षांतून निदान दोनदां लावून घ्यावा. नवीन पियानोच्या तारा अजून ताणत असतात. त्याला पहिल्या वर्षीं चार वेळां हात लागला तर उत्तम. वेळ कोणती निवडावी? पाऊस सुरू झाल्याबरोबर कारागिरास बोलावूं नये. कारण त्या वेळीं फळी अजून फुगत असते, आणि आज लावलेलें पंधरा दिवसांत सरकतें. पावसाळा चांगला स्थिरावल्यावर, श्रावणाच्या सुमारास एकदां, व दिवाळीनंतर थंडी आणि कोरडेपणा कायम झाल्यावर, मार्गशीर्षांत एकदां, असा क्रम आपल्या हवेला सोयीचा पडतो. घर बदललें किंवा पियानो नवीन आणला, तर दोन-तीन आठवडे त्याला त्या खोलीची हवा लागूं द्यावी आणि मग लावावा.

कारागीर आला म्हणजे घरांत शांतता ठेवावी. तो सेकंदाला तीन-चतुर्थांश हेलकावा मोजत असतां स्वयंपाकघरांत मिक्सर चालूं असावा, कुकरच्या शिट्ट्या व्हाव्या, पंखा घरघरत असावा आणि शेजारच्या खोलींत टी. व्ही. गर्जत असावा, ही त्याची क्रूर थट्टा आहे. पियानोवरील सामान आधींच उचलून ठेवावें. गेल्या सहा महिन्यांत कोणती पट्टी अडकली, कोठें खरखर आली, तें कागदावर टिपून त्याच्या हातीं द्यावें. आणि तो ठोक्यामागून ठोका जोरानें मारूं लागला तर घाबरूं नये; तार आपल्या जागीं बसावी म्हणून तसें करणें भाग असतें.

येथें एक भेद स्पष्ट केला पाहिजे. पियानोचीं कामें तीन प्रकारचीं असतात. तारा लावणें हें पहिलें. दुसरें, यंत्राची जुळणी. पट्टी दाबल्यापासून हातोडी तारेवर पडून परत येईपर्यंत लांकूड, चामडें, फेल्ट व स्प्रिंगा यांचे कित्येक लहान भाग हलत असतात. सबंध वाद्यांत ते हजारांनीं मोजावे लागतात. ते झिजतात, सैल होतात, पावसांत फुगून अडकतात. पट्टी सुमारें एक सेंटिमीटर खालीं जावी, हातोडी तारेच्या अगदीं जवळ येऊन सुटावी, अशीं मापें पुन्हां जुळवावीं लागतात. तिसरें काम म्हणजे नादाचा पोत सुधारणें. हातोडीवरचें फेल्ट वर्षानुवर्षें तारांवर आदळून दगडासारखें घट्ट होतें व नाद पत्र्यासारखा कर्कश येतो. मग तें घांसून किंवा सुयांनीं टोंचून मऊ करतात. तारा उत्तम लागल्या असूनही वाद्य कर्कश वाटलें, किंवा बोटाला जड लागलें, तर दोष लावणाऱ्याचा नव्हे. दुसरें अगर तिसरें काम राहिलें आहे असें समजावें.

गृहस्थानें स्वतः करावयाच्या गोष्टी थोड्या, पण महत्त्वाच्या आहेत. पियानो पावसाच्या माऱ्याची भिंत, उघडी खिडकी आणि वातानुकूल यंत्राचा थेट झोत यांपासून दूर ठेवावा. भिंतीपासून वीतभर पुढें असावा, म्हणजे मागून हवा खेळते. त्यावर ऊन्ह पडूं देऊं नये. खोलींत आर्द्रता दाखविणारें लहानसें यंत्र टांगावें. तें फारसें महाग नसतें. दमट गांवीं पियानोच्या पोटांत मंद उष्णता देणारा विजेचा दांडा बसवितात. त्याचा चांगला उपयोग होतो, पण तो जाणत्या माणसाकडूनच बसवून घ्यावा. घरगुती दिवा आंत सोडून तें काम करूं नये. पट्ट्या किंचित् ओलसर मऊ फडक्यानें पुसून लगेच कोरड्या कराव्या. पावसाळ्यांत झांकण सदा बंद ठेवूं नये. दिवसांतून थोडा वेळ उघडून वाजवावें. आपल्याकडे कसर लोकरीच्या शालीप्रमाणें पियानोच्या फेल्टवरही ताव मारते, उंदीर तेथें घर करतात, आणि वाळवीला लांकूड वर्ज्य नाहीं. म्हणून वर्षांतून दोनदां खालचें दार काढून दिव्यानें आंत पाहावें. डांबराच्या गोळ्या ठेवावयाच्या तर कापडी पिशवींत घालून टांगाव्या. तारांवर किंवा पट्ट्यांत टाकूं नयेत.

आणि न करावयाच्या गोष्टींत पहिली ही, कीं आंत कोणत्याही प्रकारचें तेल घालूं नये. पट्टी अडकली कीं शिवणाच्या यंत्राचें तेल किंवा खोबरेल सोडण्याचा मोह आपल्याकडे फार. अडकण्याचें कारण बहुधा लांकूड फुगणें हें असतें. तेलानें तें अधिकच फुगतें, आणि तें तेल खुंट्यांच्या ठोकळ्यांत उतरलें तर घर्षण जाऊन खुंट्या घसरूं लागतात. ज्या घर्षणावर वीस टनांचा संसार उभा आहे, तेंच गेलें म्हणजे मग उरलें काय? दुसरी गोष्ट, पियानोवर पाण्याचें भांडें किंवा फुलदाणी ठेवूं नये. तिसरी, तारांना हात लावूं नये. घामानें त्या गंजतात.

शेवटीं जुन्या, टाकून दिलेल्या पियानोविषयीं दोन शब्द. बरेच वर्षांनीं कारागीर बोलाविला, तर एका बैठकींत सर्व होईल अशी अपेक्षा धरूं नये. उतरलेला सूर वर नेतांना कांहीं तारा ताणल्या कीं फळी दबते व आधीं लावलेल्या तारा पुन्हां उतरतात. म्हणून दोन-तीन खेपा लागतात. गंजलेली तार तुटूंही शकते, आणि त्याबद्दल कारागिरास बोल लावूं नये. कधीं कधीं तो सांगेल, कीं हा पियानो आहे त्या उतरत्या पट्टींतच आपसांत जुळवून ठेवणें शहाणपणाचें. तें ऐकावें. कधीं खुंट्या सैल, फळी उकललेली, लोखंडी चौकट तडकलेली अशी अवस्था असते. मग नाकापेक्षां मोतीं जड होतें. जुना पियानो विकत घेणाऱ्यानें म्हणूनच बाहेरचें पॉलिश पाहून सौदा करूं नये. कारागिरास त्याची फी देऊन आधीं आंतून तपासून घ्यावा. सोनें घेतांना आपण सोनाराची कसोटी मागतोंच कीं नाहीं?

आणि ही फी देतांना हात आंखडूं नये. एकाच स्वराच्या तीन तारा एक करावयास शिकणें, हेंच महिन्यांचें काम. बारा स्वरांत तो पावणेदोनाचा फरक कानानें वांटावयास शिकणें, हें वर्षांचें. या धंद्यांत माणसें थोडीं आहेत. आपण त्यांना दहा वर्षांतून एकदां हांक मारूं, तर तीं टिकणार कशीं, आणि त्यांचीं मुलें हा धंदा उचलणार कशास?

ज्यांच्या घरीं पियानो आहे त्यांना माझी एवढीच विनंति आहे. पंचांगांत किंवा दिनदर्शिकेंत वर्षाचे दोन दिवस आजच खुणा करून ठेवा. त्या दिवशीं घरांतील शिकणाऱ्या मुलाला शाळेंतून आल्यावर खेळावयास न पाठवितां त्या कारागिराशेजारीं बसवा. एक तार मुकी आहे, दुसरी बोलते आहे, दोन्ही मिळून आवाज डुलतो आहे, आणि डुलतां डुलतां एका क्षणीं तो स्थिर होतो आहे, हें त्याला ऐकूं द्या. तो क्षण ज्या मुलानें एकदां ओळखला, त्याला खरा स्वर कोणता हें पुन्हां कोणीं सांगावें लागत नाहीं. मग तें मूल पुढें पियानो वाजवो, पेटी वाजवो, कीं नुसतें देवापुढें आरती म्हणो.